फ्रिजमागची हवा खेळती करायची तर पंख्याआधी पत्रा

प्रश्न असा आहे. ॲरिझोनात फिनिक्सजवळ उभ्या असलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा ८ घनफुटांचा फ्रिज आहे. तो स्लाइड-आउटमध्ये, म्हणजे भिंतीसकट बाहेर सरकणाऱ्या खणात बसवलेला आहे. त्यामुळे खालचा आणि वरचा असे दोन्ही झरोके बाहेरच्या भिंतीतच आहेत, छतावर काही नाही. पहाटे आतलं तापमान ३-४ अंश सेल्सिअस असतं, दुपारी चारपर्यंत ते १२-१३ वर जातं. वरच्या झरोक्याला दोन पंखे लावून झाले, पण फरक जेमतेम एका अंशाचा पडला. आता काय करावं?

पंखे असू द्या. पण त्यांच्याकडून काही अपेक्षा करण्याआधी फ्रिजच्या पाठीमागची पोकळी मोजा. स्लाइड-आउटमधल्या फ्रिजचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं. पाठीमागून हवा वाहत असते, पण ज्या फिन्समधून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांमधून, तिने जायला हवं त्यांना न शिवताच ती बाहेर पडते. अशा पोकळीत चार पंखे लावले तरी ते चुकीच्या वाटेनेच जास्त हवा ओढतात.

असं का होतं ते कळायला हा फ्रिज चालतो कसा हे माहीत असावं लागतं. यात कॉम्प्रेसर नाही. स्टॉकहोममधल्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ च्या सुमारास शोधलेली ही यंत्रणा आहे आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. खाली बॉयलरमध्ये गॅसच्या ज्योतीने किंवा विजेच्या हीटरने अमोनिया-पाण्याचं मिश्रण तापतं. अमोनियाची वाफ वर कंडेन्सरच्या फिन्समध्ये जाऊन द्रव होते. तो द्रव आत फ्रिजमध्ये हायड्रोजनच्या सोबतीने पुन्हा वाफ होताना गारवा देतो, आणि मग मागच्या बाजूच्या वेटोळ्यांत, म्हणजे ॲबसॉर्बरमध्ये, पाणी त्याला परत शोषून घेतं. शोषताना पुन्हा उष्णता निघते. म्हणजे पाठीमागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जागा दोन आहेत: वर कंडेन्सर आणि त्याच्या खाली ॲबसॉर्बर. ॲबसॉर्बरचा विचार कुणी फारसा करत नाही, पण तो तापला तरी गारवा तितकाच कमी होतो.

घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात दाब वाढवून गरम हवेतही वाफेचा द्रव करून घेतो. या फ्रिजला ती सोय नाही. कारखान्यात नळ्यांमध्ये हायड्रोजन किती भरला यावर आतला दाब जवळजवळ ठरून गेलेला असतो. कंडेन्सर ठराविक तापमानाच्या वर गेला की काही अमोनिया वाफच राहतो, आणि तेवढा गारवा कमी होतो. बटण ‘कोल्डेस्ट’वर फिरवून हे सुटत नाही, कारण त्याने फक्त बर्नर जास्त वेळ चालतो.

पत्रा कापायला घेण्याआधी दोष खरोखर हवेचाच आहे याची खात्री करा. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा, आणि दोन दिवस सकाळ-दुपार-रात्र आकडे लिहा. नुसत्या हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं बदलत नाही. एक दिवस फ्रिज विजेवर चालवा, एक दिवस गॅसवर. दोन्हींवर रात्री नीट आणि दुपारी वाईट असेल तर मागची हवा अडते आहे. गॅसवर वाईट आणि विजेवर चांगला असेल तर बर्नरमध्ये जाळं, गंज, कमी गॅसदाब असलं काही आहे. फ्लॅगस्टाफसारख्या सुमारे २१०० मीटर उंचीच्या गावी गेल्यावर गॅसवरचं काम ढेपाळलं तर ते विरळ हवेमुळे असू शकतं, तिथे विजेवर चालवा. आणि रात्रीसुद्धा, दोन्हींवर, फ्रिज गार होत नसेल, मागे अमोनियाचा झोंबणारा वास येत असेल किंवा नळ्यांवर पिवळी भुकटी दिसत असेल तर फ्रिज बंद करा आणि गॅसही बंद करा. ती भुकटी सोडियम क्रोमेटची असते, विषारी असते, तिला हात लावू नका. तो कूलिंग युनिट, म्हणजे मागची नळ्यांची यंत्रणाच, फुटल्याचा पुरावा आहे आणि त्यावर पंख्याचा उपाय नाही.

गाडी समपातळीत आहे ना, हेही आताच पाहून घ्या. साधारणपणे आडवा कल ३ अंशांपर्यंत आणि फ्रिजच्या दारापासून पाठीपर्यंतचा कल ६ अंशांपर्यंत चालतो. त्याहून जास्त कलावर उभा राहून फ्रिज चालला तर द्रव नळीत साचतो, बॉयलर कोरडा तापतो आणि ते नुकसान पुन्हा भरून येत नाही.

आता हवेची वाट डोळ्यांनी पाहायची. गॅसच्या टाकीची झडप बंद करा, फ्रिज तीन-चार तास फक्त विजेवर चालू द्या आणि दोन्ही झरोक्यांच्या जाळ्या काढा. गॅसचा वास अजिबात नाही याची खात्री झाल्यावर खालच्या झरोक्याच्या तोंडाशी एक उदबत्ती धरा आणि दुसऱ्याला वरच्या झरोक्यातून टॉर्च मारायला सांगा. नीट बसवलेल्या फ्रिजमागे धूर आत शिरताच ॲबसॉर्बरच्या वेटोळ्यांकडे वळतो, त्यांच्यामधून वर चढतो आणि कंडेन्सरच्या फिन्सच्या फटींमधून पातळ पट्ट्यांसारखा निघतो. वाईट बसवलेल्या फ्रिजमागे तोच धूर बाहेरच्या भिंतीला चिकटून, एका जाड दोरीसारखा, सरळ वर जातो आणि वरच्या झरोक्याच्या खालच्या कडेवरून बाहेर सांडतो. फिन्सभोवतीची हवा तिथेच थरथरत उभी असते. हे एकदा पाहिलं की पत्रा कुठे लावायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग टेप घ्या. कंडेन्सरच्या फिन्सच्या मागच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगापर्यंत किती अंतर आहे? फ्रिज बसवण्याच्या सूचनांमध्ये ते एका इंचाच्या, म्हणजे २५ मिलिमीटरच्या, आत ठेवायला सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात स्लाइड-आउटमध्ये तीन-चार इंच सापडतं, कारण कपाट एका मापाचं असतं आणि फ्रिज दुसऱ्या. फ्रिजच्या दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर किती जागा आहे तेही मोजा. फ्रिजच्या डोक्यावर चार इंच मोकळी पोकळी असेल तर तिथे गरम हवा दिवसभर कोंडून राहते आणि फ्रीझरला वरून शेकत राहते.

कामाला लागताना गॅस टाकीपाशी बंद, १२० व्होल्टचा प्लग काढलेला, १२ व्होल्टचा फ्यूज काढलेला, आणि फ्रिज दोन-तीन तास थंड झालेला. बॉयलरचं धुराडं बराच वेळ चटका देण्याइतकं तापलेलं राहतं. बहुतेक काम दोन झरोक्यांमधून हात घालून होतं. फ्रिज बाहेर ओढायचीच वेळ आली तर गॅसचा जोड उघडणं आणि परत लावणं हे परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्या आणि शेवटी साबणाच्या पाण्याने गळती तपासा.

लागणारं सामान थोडकं आहे: ०.५ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा किंवा जस्त चढवलेला पत्रा, ग्लासवूल, ॲल्युमिनियम फॉइलची टेप, आणि १२ मिलिमीटर लांबीचे स्क्रू. स्क्रूची लांबी जपा. बाहेरची भिंत पातळ असते, लांब स्क्रू आरपार जाऊन बाहेरून पाणी झिरपण्याची वाट करतो. साधी कापडी डक्ट टेप वापरू नका, मागच्या उष्णतेने तिचा डिंक वितळतो आणि पत्रा पहिल्याच महिन्यात खाली लोंबतो. थर्मोकोलसारखा फोम बर्नर आणि धुराड्याच्या जवळपास कुठेही नको.

पहिला पत्रा भिंतीवरचा. खालच्या झरोक्याच्या वरच्या कडेपासून वरच्या झरोक्याच्या खालच्या कडेपर्यंत, पोकळीच्या पूर्ण रुंदीचा. त्याला खोक्यासारखा घडी घालून भिंतीपासून इतका पुढे आणा की पत्रा आणि वेटोळी यांच्यात सुमारे २० मिलिमीटर उरतील. पोकळी ९० मिलिमीटरची असेल तर खोका ७० मिलिमीटर जाड होईल. आत ग्लासवूल भरा, म्हणजे उन्हाने तापलेली बाहेरची भिंत हवेला आधीच गरम करणार नाही. खोक्याचं खालचं टोक सरळ कापू नका, ४५ अंशांत तिरपं ठेवा, म्हणजे आत येणारी हवा त्यावर आपटून न थांबता ॲबसॉर्बरकडे वळेल.

दुसरा पत्रा छोटा, पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. वरच्या झरोक्याच्या खालच्या कडेला, खोक्याच्या माथ्यावर, एक आडवी पट्टी बसवा. ती कंडेन्सरच्या तळाकडे झुकत जाऊन फिन्सपासून सुमारे ६ मिलिमीटरवर थांबली पाहिजे. ही पट्टी नसेल तर वर आलेली हवा झरोका दिसताच तिथूनच बाहेर वळते, वर फिन्सपर्यंत जातच नाही. दोन्ही झरोके भिंतीत असलेल्या गाड्यांमध्ये ही चूक फार आढळते. पट्टी फिन्सना किंवा नळ्यांना टेकवू नका, कारण रस्त्यावरच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार नळीवर घासत राहते. नळीवर भोक पाडणं, स्क्रू मारणं, डाग देणं हे तर कधीच नाही. आत अमोनिया आणि हायड्रोजन दाबाखाली भरलेले असतात.

तिसरा पत्रा डोक्यावरचा: फ्रिजच्या माथ्याच्या मागच्या कडेपासून वरच्या झरोक्याच्या वरच्या कडेपर्यंत तिरपा. त्याच्या वरच्या पोकळीत ग्लासवूल भरा. झरोक्याची वरची कड कंडेन्सरच्या माथ्यापेक्षा निदान दोन इंच उंच असेल तर गरम हवा आपोआप चढून निघते. पण काही स्लाइड-आउटमध्ये कंडेन्सर झरोक्याच्याही वर डोकावत असतो. तिथे गरम हवेला बाहेर पडायला खाली उतरावं लागतं आणि ते ती आपणहून करत नाही. तुमच्याकडे तसं असेल तर पंखा ही चैन नाही, गरज आहे.

धुराड्याची वाट मात्र मोकळी ठेवायची. जळलेला वायू सरळ वर आणि झरोक्याबाहेर गेला पाहिजे, पत्रा त्याच्या तोंडावर आडवा येता कामा नये. फ्रिजच्या दोन्ही बाजूंच्या फटी ग्लासवूलने बंद करा. समोरच्या बाजूने फ्रिज आणि कपाट यांच्यामधली चौकट पूर्ण सीलबंद हवी. जळणाचा वायू राहत्या भागात आला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपेत जीव घेऊ शकतो. गाडीतला त्याचा अलार्म चालू आहे का ते याच दिवशी तपासा. आणि खालचा झरोका कधीही पूर्ण बंद करू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच बाहेर वाहून जातो.

आता पंख्याचा हिशोब. या आकाराच्या फ्रिजचा विजेवरचा हीटर साधारण ३०० वॅटचा असतो. त्यात फ्रिजच्या आतून उचललेली उष्णता मिळवली की पाठीमागे सुमारे ४०० वॅट बाहेर टाकायचे असतात. पोकळीतली हवा फक्त १० अंशांनी तापू द्यायची असेल तर सेकंदाला सुमारे ३६ लिटर हवा लागते, म्हणजे पंख्याच्या खोक्यावर लिहितात त्या मापात ७५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). १२० मिलिमीटरचा संगणकाचा पंखा खोक्यावर ५० ते ७० सीएफएम सांगतो, पण तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि फिन्समधून ढकलताना निम्मा धरा. दोन पंखे मिळून त्यामुळे ५० ते ७० सीएफएम देतात आणि गरम हवा थोडी आपणहूनही चढते, म्हणून तेवढे पुरतात. तिसरा लावून फारसं काही हाती लागत नाही.

जागा कोणती? वरच्या झरोक्याला चिकटून बाहेर फेकणारा पंखा चालतो, पण तो सर्वात गरम हवेत बसतो आणि पावसाचे शिंतोडेही त्याच्यावरच येतात. शक्य असेल तिथे कंडेन्सरच्या खाली, वर तोंड करून बसवलेला पंखा मला जास्त पटतो. तो तुलनेने गार हवा घेतो, म्हणून टिकतो, आणि सगळी हवा थेट फिन्समध्ये ढकलतो. मात्र त्याच्या आडवी पत्र्याची पट्टी हवी, पंखा त्या पट्टीतल्या गोल भोकावर बसवायचा आणि कडा फॉइल टेपने बंद करायच्या. उघड्या पोकळीत लटकवलेला पंखा वर फेकलेलीच हवा बाजूने परत खाली ओढून घेतो. तुमच्या दोन पंख्यांनी एकाच अंशाचा फरक पडला त्याचं कारण बहुधा हेच. काही वेळा पंखा उलटाच बसलेला असतो आणि बाहेरची हवा आत ढकलतो, तेही कागदाचा कपटा धरून पाहा.

बर्नरवर रोखून पंखा कधीही लावू नका. ज्योत फडफडते, विझते, किंवा अर्धवट जळून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड करते. खालच्या झरोक्यातून आत फुंकणारा पंखा म्हणूनच टाळायचा.

पंखा घेताना डबल बॉल-बेअरिंगचा आणि पाणी-धूळरोधक, आयपी५५ किंवा वरचा घ्या. साध्या स्लीव्ह-बेअरिंगचं वंगण मागच्या उष्णतेत सुकतं आणि तो एका उन्हाळ्यात कुरकुरायला लागतो. वायर १ चौरस मिलिमीटरची, शक्यतो सिलिकॉन आवरणाची. १२ व्होल्टची लाइन जिथे घेता तिथेच, पंधरा सेंटिमीटरच्या आत, २ अँपिअरचा फ्यूज. फ्रिजच्या कंट्रोल बोर्डावरून वीज घेऊ नका, फ्रिजला येणाऱ्या मुख्य टर्मिनलवरून घ्या. वायरी बांधायला प्लास्टिकची टाय नको, स्टीलची वापरा.

पंखा आपोआप चालू-बंद व्हायला केएसडी३०१ जातीचा, तापल्यावर जोडला जाणारा छोटा थर्मोस्टॅट कंडेन्सरच्या फिनला क्लिपने लावतात. बाजारात सहज मिळतो तो ४० किंवा ४५ अंशांचा. फिनिक्समध्ये जूनमध्ये बाहेरची हवाच ४३ अंशांवर जाते, तिथे हा स्विच दिवसभर जोडलेलाच राहील. ५० किंवा ५५ अंशांचा घ्या आणि शेजारी एक हाताने बंद करायचं बटण ठेवा. दोन पंखे मिळून ०.४ अँपिअर घेत असतील तर बारा तासांत ५ अँपिअर-तासांच्या आसपास खर्च होतो. विजेची जोडणी नसलेल्या जागी राहताना हा आकडा लक्षात असू द्या. छतावर लावायचे सोलर पंखे मिळतात, पण तुमच्या गाडीत छताकडे जाणारी वाटच नाही. शिवाय ऊन उतरताच ते बंद पडतात आणि पोकळी तर संध्याकाळीही तापलेलीच असते.

जाळीबद्दल एक गोष्ट. कुंभारीण माशीची मातीची घरटी आणि कोळ्यांची जाळी थांबवायला लोक आतून मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावतात. झरोक्याच्या पट्ट्यांनी आधीच बरीच जागा खाल्लेली असते, त्यावर ही जाळी आणि तिच्यात अडकलेली धूळ. स्टीलची सुमारे ३ मिलिमीटर भोकांची जाळी लावा आणि दर दोन महिन्यांनी ब्रशने झाडा.

गाडी उभी करताना फ्रिजची भिंत पश्चिमेला येऊ देऊ नका. दुपारी तीननंतरचं ऊन सरळ त्या भिंतीवर पडलं तर खालच्या झरोक्यातून आत जाणारी हवाच तापलेली जाते. उत्तर किंवा पूर्व चांगली. जागा बदलता येत नसेल तर भिंतीपासून हातभर अंतरावर सावलीचं कापड ताणा, झरोक्यांवर चिकटवू नका.

आतल्या बाजूला दाराची रबरी पट्टी पाहा: नोटेएवढा कागद दारात धरून दार लावा, तो सहज निसटला तर तिथून हवा जाते. फळ्यांवर कागद किंवा प्लास्टिक अंथरू नका, भांडी मागच्या फिन्सना टेकवू नका. कोमट डाळ-भाजी ठेवली की हा फ्रिज तासन् तास मागे पडतो, कारण त्याची उष्णता उचलण्याची गती मुळातच मंद आहे. आणि दुरुस्ती होईपर्यंत दुपारी १२ अंशांवर गेलेल्या दूध-मांसाचा मोह धरू नका. अमेरिकेतली सरकारी अन्नसुरक्षेची मर्यादा ४० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४.४ सेल्सिअस, आहे. त्यावर दोन तासांहून जास्त राहिलेलं नाशवंत अन्न टाकून द्यायला सांगतात.

भारतात बांधलेल्या कॅम्पर व्हॅनमध्ये बहुधा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असतो. त्याला ज्योत नाही, धुराडं नाही, पण मागची हवा अडली तर त्याचंही नुकसान होतं. फक्त ते दूध नासण्यातून दिसत नाही, बॅटरी उतरण्यातून दिसतं, कारण कॉम्प्रेसर तासातली बहुतेक मिनिटं चालत राहतो. तिथेही खाली एक आणि वर एक झरोका, आणि कंडेन्सरमधून आलेली गरम हवा त्याच कंडेन्सरकडे परत फिरणार नाही असा मधे पत्र्याचा पडदा, एवढं करा.

काम झाल्यावर फ्रिज चालू करून पूर्ण २४ तास थांबा. हा फ्रिज गार व्हायलाच एक रात्र घेतो, दोन तासांत निष्कर्ष काढू नका. मग पहिल्यासारखेच, ग्लासातल्या पाण्याचे, त्याच वेळांचे आकडे लिहा, सोबत बाहेरचं तापमान आणि कंडेन्सरच्या वरच्या हवेचं तापमान. पत्रे लावल्यावर आधी पंखे बंद ठेवून एक दिवस, मग चालू ठेवून एक दिवस. पत्र्यांनी दुपारचा आकडा उतरला आणि पंख्यांनी आणखी उतरला तर काम जमलं. पत्र्यांनी काहीच फरक पडला नाही तर उदबत्ती पुन्हा पेटवा, गॅस बंद करूनच, आणि धूर कुठून निसटतो ते पाहा. बहुतेक वेळा कोपऱ्यात एखादी दोन बोटांची फट राहून गेलेली असते.